वाळवंटातल्या लांब ट्रेकवर पाऊस आला तर: चिखलाचा एक दिवस कसा काढायचा

वाळवंटातल्या ट्रेकची तयारी करताना सगळं लक्ष ऊन आणि पिण्याचं पाणी यांच्याकडे असतं. पावसाचा विचार शेवटी होतो, बरेचदा होतच नाही. पण अमेरिकेतल्या सुमारे १,३०० किलोमीटरच्या अ‍ॅरिझोना ट्रेलवर किंवा कॉन्टिनेन्टल डिव्हाइड ट्रेलच्या न्यू मेक्सिकोतल्या टप्प्यात आठवडेच्या आठवडे चालायचं असेल, तर पावसाचा एखादा दिवस गृहीत धरलेलाच बरा. वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस म्हणजे वाळवंट, असा ढोबळ हिशेब आहे. हा पाऊस वर्षभर थोडाथोडा पडत नाही, त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत कोसळून जातो. तो पडतो ती जमीन बहुतेक उघडी असते. झाडोरा विरळ, मातीचा थर पातळ, खाली कातळ. थेंबांच्या माऱ्याने मातीचा वरचा पापुद्रा बसतो, पाणी जिरायचं थांबतं आणि उताराला लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा दिवशी किती किलोमीटर झाले हे मोजू नका. संध्याकाळी तुम्ही कुठल्या जमिनीवर आहात हे महत्त्वाचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पाऊस कुठल्या जातीचा आहे ते ओळखा

वाळवंटातला पाऊस साधारण दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींना एकच उपाय चालत नाही.

पहिला उन्हाळी पाऊस. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा काळ धरला जातो. सकाळी आभाळ स्वच्छ असतं, दुपारकडे ढगांचे मनोरे चढतात, मग तासभर धो धो पाऊस, विजा, कधी गारा. संध्याकाळी पुन्हा ऊन. ढग काही किलोमीटरांपुरताच असतो, त्यामुळे तुमच्यावर थेंबही न पडता पलीकडचं खोरं वाहून जाऊ शकतं. इथे खरा धोका लोंढ्याचा आणि विजेचा. चिखल त्या मानाने लवकर वाळतो. अशा दिवसांत उजाडायच्या आत निघायचं आणि दुपारी बारा-एकच्या आत कड्यावरून खाली, नाल्यातून बाहेर, असं वेळापत्रक ठेवायचं.

दुसरा हिवाळी पाऊस. हा मोठ्या प्रदेशावर पसरतो, दिवस-दोन दिवस झड लागून राहते, जोडीला वारा आणि पाच-दहा अंश तापमान. विजा कमी, पण थंडी आणि चिखल मुक्कामाला येतात. इस्राएलच्या नेगेव्ह आणि जॉर्डनच्या वाळवंटांत पाऊस पडतो तो हिवाळ्याच्या अर्ध्या वर्षात, आणि तिथल्या घळींत तोही लोंढे आणतो. अशा पावसात लवकर उठून काही साधत नाही. एक तर थांबायचं, नाहीतर घट्ट जमीन गाठायची.

सॅटेलाइट मेसेंजरवर (फोनची रेंज नसतानाही उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं छोटं यंत्र) हवामानाचा अंदाज मागवता येत असेल, तर आपल्या मुक्कामाच्या जागेचा एक आणि वरच्या बाजूच्या डोंगराचा एक, असे दोन मागवा. आपल्या नाल्यात पाणी तिथूनच येणार असतं. अमेरिकेत फ्लॅश फ्लडचा, म्हणजे अचानक येणाऱ्या लोंढ्याचा ‘वॉच’ असेल तर परिस्थिती पुराला अनुकूल आहे असं समजायचं. ‘वॉर्निंग’ असेल तर पूर आलेला आहे किंवा येण्याच्या बेतात आहे.

आदल्या संध्याकाळी नकाशा पुन्हा उघडा

आभाळ बिघडायची चिन्हं दिसली की उद्याचा टप्पा नव्याने पाहायचा. वाट किती कोरडे नाले ओलांडते? कुठे ती नाल्याच्या पात्रातूनच जाते? अरुंद घळ आहे का, आणि असेल तर मध्येच वर चढून बाहेर पडायला जागा आहे का? चिकणमातीचे पट्टे कुठे आहेत? सॅटेलाइट चित्रावर झाडंझुडपं नसलेले राखाडी, जांभळट किंवा हिरवट टेकड्यांचे पट्टे दिसले तर ते लक्षात ठेवा. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या कोलोरॅडो पठारावर चिनले फॉर्मेशन आणि मँकोस शेल या नावांचे थर असलेला भाग म्हणजे पावसात चिखल, हे ठरलेलं.

कच्च्या रस्त्यांवर फार भिस्त ठेवू नका. तिकडच्या अनेक कच्च्या रस्त्यांवर ‘ओल्यात गाडी जाणार नाही’ अशा अर्थाच्या पाट्याच असतात. म्हणजे कंटाळून रस्त्याला लागलात तरी लिफ्ट मिळेलच असं नाही, कारण गाड्याही अडकून पडतात. म्हणूनच वाळवंटी टप्प्यात किमान एका दिवसाचं जास्तीचं खाणं सोबत असावं. एक दिवस तंबूत बसून काढायची मुभा त्यातूनच मिळते.

झोपण्यापूर्वी सॅक लावून ठेवा. सॅकच्या बाहेरच्या रेनकव्हरवर माझा भरवसा नाही; पाठीच्या बाजूने पाणी आत शिरतं आणि वाऱ्यात कव्हर उडून जातं. सॅकच्या आत एक जाड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी घाला. स्लीपिंग बॅग, झोपायचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड त्यात भरून तोंड पिळून बंद करा. हे कपडे चालताना काही झालं तरी बाहेर काढायचे नाहीत.

सकाळी: निघायचं की थांबायचं

तंबूवर थेंब वाजत असताना हा निर्णय मनाच्या उभारीवर सोडू नका. पुढचे दहा-पंधरा किलोमीटर कुठल्या जमिनीचे आहेत, खाणं-पाणी किती दिवसांचं आहे आणि पाऊस कधी उघडेल असा अंदाज आहे, एवढंच पाहा. पुढे वाळू किंवा कातळ असेल आणि नाले ओलांडायचे नसतील, तर खुशाल निघा. पुढे चिकणमाती असेल आणि तासाभरापेक्षा जास्त वेळ पाऊस लागून असेल, तर थांबा. ऊन आणि वारा मिळाले तर वाळवंटातली जमीन पाहता पाहता सुकते. सकाळी ज्या पट्ट्यात चार तास मोडले असते, तोच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तासाभरात पार होतो. थांबल्याने एक दिवस गेला असं वाटतं, पण ओल्या चिकणमातीत दिवसभर झगडून पाच-सहा किलोमीटर काढले, तर त्या थकव्याची भरपाई पुढे दोन दिवस करत बसावं लागतं.

थांबायचं ठरलं तर घरच्या माणसाला लगेच कळवा: एक दिवस उशीर, सगळं ठीक. नाहीतर ठरलेल्या दिवशी फोन आला नाही म्हणून तुमचा शोध सुरू व्हायचा.

पायाखालची जमीन वाचायला शिका

ओली वाळू ही पावसाची मेहेरबानी आहे. कोरड्या वाळूत प्रत्येक पावलाला टाच मागे सरकते. तीच भिजली की घट्ट बसते आणि चाल वाढते. त्यामुळे रेताड पट्टे पावसात किंवा पाऊस उघडल्या उघडल्या उरकावेत. मुरमाड, खडेमिश्रित जमीनही चांगली, पाणी धरून ठेवत नाही. उघड्या वालुकाश्मावर ओलेपणातही बूट बऱ्यापैकी पकड घेतात, मात्र काळपट शेवाळलेले पट्टे आणि गुळगुळीत चुनखडक टाळा. आणखी एक गोष्ट: ओला वालुकाश्म ठिसूळ होतो. एरवी ज्या कपारीला धरून अंग वर ओढून घेतलं असतं, ती ओली असताना हातात येऊ शकते.

सगळ्यात वाईट बेंटोनाइट. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते. कोरडी असताना तिचा पृष्ठभाग मक्याच्या लाह्या पसरल्यासारखा फुललेला, भुसभुशीत दिसतो. त्यावर गवताची काडी सहसा नसते. हे रूप एकदा लक्षात राहिलं की लांबूनही ओळखू येतं. पाऊस पडला की वरचा थर आधी साबणासारखा निसरडा होतो आणि मग चिकट. पहिल्या दहा पावलांत तळव्याच्या खाचा भरतात. पुढच्या दहांत कडेने चिखलाची झालर येते, तिला वाटेतले खडे आणि काटक्या चिकटतात, आणि बूट इतका रुंद नि जड होतो की पाय उचलायला मांडीचा जोर लागतो. मध्येच एका बुटाचा गोळा निखळतो, दुसऱ्याचा राहतो आणि तोल जातो.

शंका असेल तर हाताने तपासा. वाटेवरची ओली माती चिमटीत घ्या, मळा आणि अंगठ्याने तर्जनीवर पुढे ढकलत तिची पट्टी काढा. पट्टी निघतच नसेल, माती चुरत असेल, तर वाळू जास्त आहे, चला. दोन-अडीच सेंटिमीटरवर पट्टी तुटली तर त्रास होईल पण जाता येईल. पाच सेंटिमीटरपेक्षा लांब, चकचकीत पट्टी न तुटता लोंबायला लागली, तर ती भरपूर चिकण आहे. तिथून मागे फिरून घट्ट जमिनीवर बसावं हे उत्तम. ही परीक्षा मातीचे अभ्यासकही शेतात करतात. ट्रेकवर तिला अर्धं मिनिट लागतं.

वाळलेल्या तळ्याचं सपाट पात्र लांबून फार सोयीचं दिसतं. पावसात त्यावर पाऊल टाकू नका. वर पाण्याचा पातळ थर आणि खाली गाळ, आणि चारी बाजूंना किलोमीटरभर आसरा नाही.

चिखल चुकवायला वाट सोडून बाजूने जायचा मोह होतो. तिथे काळसर, खडबडीत, बारीक उंचवटे असलेली जमीन दिसली तर ती जिवंत आहे हे ध्यानात असू द्या. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ आणि दगडफूल यांनी मातीचे कण बांधून केलेलं ते कवच आहे. तेच वाळवंटाची माती वाऱ्याने उडू देत नाही. बुटाखाली मोडलं तर भरून यायला कित्येक दशकं जातात. वळसा घ्यायचाच तर कातळावरून किंवा खड्यांवरून घ्या, तसं काही नसेल तर वाटेवरूनच, चिखलातून.

चिखलातून जायची वेळ आलीच तर

कधी पर्याय नसतो. पाणी पुढेच असतं, किंवा खाणं संपत आलेलं असतं. मग लहान पावलं टाका, पूर्ण तळवा एकदम टेकवा आणि सरळ वर उचला. टाच आधी रोवली की पाय घसरतो. ट्रेकिंगच्या काठ्या दोन असाव्यात आणि त्यांच्या टोकाकडच्या रुंद चकत्या काढून टाकाव्यात, नाहीतर प्रत्येक चकतीवर वेगळा गोळा धरतो. तंबूची एक चपटी खुंटी हाताशी ठेवा आणि चिखल थोडा असतानाच खरवडा. ओल्या घसाऱ्यावर उतरताना घाई मुळीच नको. मनगटं आणि घोटे दुखावतात ते तिथेच.

बुटांबद्दल मतं अनेक आहेत. माझ्या मते अशा वाटेवर जाळीदार, हलके बूट बरे. त्यात पाणी शिरतं, पण निघूनही जातं. वॉटरप्रूफ बुटात वरून पाणी गेलं की ते दिवसभर आतच राहतं. जाळीदार बुटांचा एक तोटा मात्र आहे: बारीक गाळ आत जातो, मोज्यात बसतो आणि कातडी घासतो. म्हणून दर दोन-तीन तासांनी बूट-मोजे काढून पाय पुसा, मोजे डबक्यात खळबळून घट्ट पिळा आणि पुन्हा घाला. पाच मिनिटं जातात, पण पुढचा आठवडा फोडांशिवाय जातो.

कोरडा नाला हा कोरडाच राहील असं धरू नका

वाळवंटात पावसाळी हवेत माणसं दगावतात त्यामागे बहुतेकदा लोंढा असतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अ‍ॅरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅनियनमध्ये ११ जण वाहून गेले. घळीवर पाऊस जवळजवळ नव्हता, तो पडला होता कित्येक किलोमीटर वरच्या अंगाला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कमधल्या कीहोल कॅनियनमध्ये सात जण गेले. २६ एप्रिल २०१८ रोजी इस्राएलमधल्या नहाल त्झाफित इथे लोंढ्याने दहा तरुण-तरुणींचा जीव घेतला. तिन्ही ठिकाणी घळ अरुंद होती आणि एकदा पाणी आल्यावर वर जायला वेळ नव्हता. त्यामुळे नियम साधा आहे: वरच्या खोऱ्यात कुठेही पावसाची शक्यता असेल, तर अरुंद घळीत उतरायचंच नाही. ‘अर्ध्या तासात पलीकडे निघू’ हा हिशेब तिथे चालत नाही.

उघड्या नाल्यातून चालत असाल तर कान आणि नाक जागे ठेवा. स्वच्छ पाण्याची धार अचानक गढूळ झाली, पाण्यावर काटक्या-कचरा तरंगायला लागला, वरच्या अंगाने घरघर ऐकू आली किंवा ओल्या मातीच्या वासाचा वारा आला, तर काही तपासत बसू नका. बाजूच्या उतारावर चढा. पात्रातून खालच्या दिशेने पळणं व्यर्थ असतं.

नाला वाहत असेल तर ओलांडायचं का? वेगाने वाहणारं १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडू शकतं आणि ३० सेंटिमीटर पाणी लहान गाडी वाहून नेऊ शकतं. शिवाय गढूळ पाण्यात तळ दिसत नाही आणि आत दगड गडगडत येत असतात. वाळवंटातले लोंढे बहुधा काही तासांत उतरतात, म्हणून काठावर, उंचावर बसून राहा. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला की पाणी चढतंय की उतरतंय ते कळतं. उतरल्यावरही रुंद, उथळ जागा शोधा, सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडा, प्रवाहाकडे तोंड करून काठ्यांच्या आधाराने तिरके सरका. पूर ओसरल्यावर पात्रात जागोजागी फसवी, रबरबीत वाळू राहते. पाय रुतला तर ओढाताण करू नका. सॅक काढा, मागे झुकून वजन पसरवा आणि पाय हळूहळू हलवत राहा म्हणजे बाजूने पाणी शिरून पकड सैल होते.

विजा

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. कडा, शिखर, एकटं झाड, उथळ गुहेचं तोंड ही सगळी ठिकाणं सोडा. सारख्या उंचीच्या झुडपांत, सखल पण नाला नसलेल्या जागी थांबा. गटात असाल तर एकमेकांपासून लांब उभे राहा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जाऊ द्या.

थंडी वाळवंटातही मारते

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. म्हणून दहा अंशांतही भिजलेल्या, दमलेल्या, वाऱ्यात उभ्या माणसाचं शरीर धोक्याच्या पातळीपर्यंत गार पडू शकतं. वाळवंट म्हणून पातळ जाकीट आणलेलं असतं, त्यामुळे ही शक्यता उलट जास्त. रेनजॅकेट भिजायच्या आधी चढवा. दर तासाला काहीतरी खा. सोबत्यावर लक्ष ठेवा: तो अडखळतो आहे, जीभ जड झाली आहे, बोटांनी साधं बक्कल लागत नाही, किंवा उगाच चिडतो आहे, यांतलं काहीही दिसलं तर लगेच थांबून तंबू उभारा. ओले कपडे काढा, राखून ठेवलेले कोरडे घाला, स्लीपिंग बॅगमध्ये घाला आणि शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर गरम, गोड पेय द्या. अंग गरम न होताच कापरं थांबलं, तर ती सुधारणा नव्हे, प्रकृती बिघडत चालली आहे. त्या वेळी मदत मागवायला मागेपुढे पाहू नका.

मुक्कामाची जागा

अंधार पडायच्या बऱ्याच आधी जागा शोधायला लागा. आजूबाजूच्या झुडपांत काटक्या-गवताचे पुंजके अडकलेले दिसतात का पाहा. मागच्या पुराची रेघ ती. त्या रेषेच्या चांगलं वर, नाल्यापासून दूर, किंचित उताराची मुरमाड जागा घ्या. अगदी सपाट खळगा झोपायला छान वाटतो, पण रात्री त्याचं डबकं होतं.

ओल्या वाळूत आणि चिखलात खुंट्या धरत नाहीत. दोरी मोठ्या दगडाला बांधा आणि त्यावर दुसरा दगड रचा, किंवा खुंटी आडवी पुरून वर दगड ठेवा. खाली अंथरायचा कागद तंबूच्या कडेबाहेर जराही डोकावता कामा नये, नाहीतर पावसाचं पाणी तोच तुमच्या पाठीखाली आणून सोडतो. चिखलाचे बूट पिशवीत घालून दाराबाहेरच्या आडोशाला ठेवा. त्या आडोशात चूल पेटवलीच तर तंबूची तोंडं उघडी ठेवा. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. आत गेल्यावर पाय आधी कोरडे करा. दिवसभर भिजून कातडी पांढरी आणि सुरकुतलेली झाली असेल तर रात्रभर कोरड्या मोज्यात ठेवा; तिला पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो.

आलेलं पाणी भरून घ्या

पावसाने दिलेली खरी भेट म्हणजे पाणी. कातळातले खळगे भरतात, आणि एरवी दोन दिवसांचं पाणी पाठीवर वाहायला लागणारा टप्पा हलका होतो. तंबूच्या कडेला भांडं लावलं तरी लिटर-दोन लिटर मिळतं. खळग्यात हातपाय धुऊ नका, भांड्याने पाणी काढून घ्या. त्यांच्या तळाशी इवल्या कोळंब्यांची अंडी वर्षानुवर्षं सुकलेली पडून असतात आणि या पाण्यात त्यांचं जीवनचक्र उरकायचं असतं. त्वचेवरचं सनस्क्रीन त्यांना बाधतं.

नाल्याचं गढूळ पाणी थेट फिल्टरमध्ये घालू नका, तो लगेच तुंबतो. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात, म्हणून ते रात्रभर ठेवूनही तळाला बसतीलच असं नाही. तुरटी इथे उत्तम काम करते. चार लिटरला चिमूटभर पूड टाका, काही मिनिटं ढवळा, अर्धा-एक तास न हलवता ठेवा आणि वरचं निवळ पाणी ओतून घ्या. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, तेव्हा त्यानंतर फिल्टर करा किंवा उकळा. क्लोरीनच्या गोळ्याही गढूळ पाण्यात नीट काम करत नाहीत, आधी निवळणं गरजेचंच. रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आतल्या पोकळ तंतूंमधलं पाणी गोठलं की ते फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी

रात्री गोठलं असेल तर ती सुवर्णसंधी: चिखल कडक असताना, ऊन चढायच्या आत चिकणमातीचा पट्टा ओलांडा. गोठलं नसेल तर उलट करा, ऊन येऊन वरचा थर सुकेपर्यंत सावकाश आवरा. तंबू ओलाच गुंडाळावा लागतो, पण दुपारच्या विसाव्याला तो आणि स्लीपिंग बॅग झुडपांवर पसरल्या की कोरड्या हवेत लवकर वाळतात. काठ्यांचे सांधे उघडून गाळ धुऊन टाका, नाहीतर ते अडकतात किंवा भर उतारावर घसरतात. तंबूच्या चेनवर पाणी ओता. कोरडी रेती अडकलेली चेन जोराने ओढली की तिचे दात कायमचे बिघडतात. फिल्टर उलट्या दिशेने स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या. मग उरलेलं खाणं बाहेर काढून पुढच्या गावापर्यंतचे दिवस नव्याने मोजा, आणि त्या आकड्याप्रमाणे आजचा मुक्काम ठरवा.